सौम्य आवृत्ती

‘अनुरूप’ पहिल्यांदा वापरून पाहिली त्या दिवशी हेमांगी तोडणकरला पेढे वाटावेसे वाटले होते. पुढे कित्येक महिने तिला स्वतःच्या त्या आनंदाचीच सगळ्यात जास्त किळस येत राहिली.

अपरांत आरोग्य मंडळाला नवं संकेतस्थळ हवं होतं. किनाऱ्यालगतच्या चार जिल्ह्यांतले सगळे सरकारी दवाखाने तोवर या एका मंडळाखाली आले होते आणि कागदी रिपोर्ट देणं बंद झालं होतं. रक्ताची तपासणी असो, बाळाची लस असो, नाहीतर ऑपरेशनची तारीख, जे काही ते साइटवर जाऊन बघायचं. अशा साइटच्या मागे एक प्रणाली लागते. कर्मचारी तिच्यात मजकूर भरतात आणि ती त्याची पानं करून लोकांपुढे ठेवते. ही प्रणाली निवडायला समिती नेमली होती. अध्यक्षा होत्या निवृत्त सनदी अधिकारी शैलजा निमकर. नव्या कायद्याप्रमाणे अशा समितीत एक सुगम्यता-परीक्षक लागे. अपंगांना साइट नीट वापरता येते की नाही ते त्याने तपासायचं आणि तसा दाखला द्यायचा. दाखला नाही तर साइट नाही. रत्नागिरीत हे काम हेमांगी करत होती. ती जन्मापासून अंध होती आणि या विषयात तिचा शब्द मुंबईपर्यंत चालत होता.

डोळस माणसाला साइट दिसते, हेमांगीला ती ऐकू येई. फोनमधला स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर बोलून दाखवी. पण तो बोलणार काय, तर पान बांधणाऱ्याने जे लिहून ठेवलं असेल तेच. शीर्षकाला शीर्षक म्हटलेलं नसेल, चित्राखाली वर्णन नसेल, बटणाला नाव नसेल, तर पान म्हणजे नुसती बडबड होई. “बटण. बटण. चित्र. बटण.” गॅसच्या नंबरापासून वीजबिलापर्यंत हेमांगीचं अर्धं आयुष्य अशा निनावी बटणांवर चाचपडण्यात गेलं होतं.

समितीपुढे शेवटी दोन प्रणाली उरल्या. पहिली ‘मांडणी’. जुनी, फुकटातली, रूपाने अगदीच सुमार. तिच्यात मजकूर भरणाऱ्याला प्रत्येक चित्राचं वर्णन लिहावंच लागे. लिहिलं नाही तर ती पान पुढे सरकूच देत नसे. कर्मचारी तिच्या नावाने बोटं मोडत. दुसरी ‘अनुरूप’. तिच्यात पान असं नव्हतंच. कर्मचाऱ्यांनी फक्त माहिती भरायची. कुणी साइट उघडली की त्या क्षणी, त्या एका माणसासाठी, यंत्र नवं पान लिहून काढी. म्हाताऱ्यांना मोठी अक्षरं, घाईतल्यांना दोन ओळी, मालवणी बोलणाऱ्याला मालवणी. आणि समोरचा माणूस अंध आहे हे तर ते न सांगता ओळखी. माउस हलत नाही, चित्रांवर कुणी रेंगाळत नाही, बोटं शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतात, एवढ्यावरून त्याला कळे.

चाचणीसाठी दोन तालुक्यांत ‘अनुरूप’ सुरू झाली. हेमांगीने आपल्या खात्यातून ती उघडली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. प्रत्येक बटणाला नाव होतं. वाक्यं कानाला गोड होती, आलेख शब्दांत सांगितलेले होते. तपासणीच्या सॉफ्टवेअरने शंभरपैकी शंभर गुण दिले. इतक्या वर्षांत तिने असं पान ऐकलं नव्हतं.

तिला जास्त आनंद झाला तो ही प्रणाली निरंजन ओगलेच्या कंपनीची होती म्हणून. कॉलेजात असताना निरंजन तिच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करी. अख्खा इतिहास, अख्खं अर्थशास्त्र, तळटीपांसकट. त्याचा आवाज नसता तर ती एम.ए. झाली नसती. तिने त्याला फोन केला.

“निरंजन, यावेळी तू मला हरवलंस. काढायला एक चूक नाही.”

“तुला डोळ्यासमोर ठेवूनच बनवलंय हेमा,” तो म्हणाला.

तिने समितीला तोंडभर शिफारस लिहून पाठवली.

केळसकर सर इस्पितळात असल्याचं तिला त्यानंतर पावसाळा सरता सरता कळलं. रघुवीर केळसकर अंधशाळेत संगीत शिकवत. हेमांगीला ब्रेल त्यांनीच शिकवली होती. स्वभावाने तिरसट, मधुमेहाचे जुने रुग्ण, पण औषधाची वेळ कधी न चुकवणारे. चाचणीच्या दोन तालुक्यांपैकी एकात त्यांचं घर होतं. ती भेटायला गेली तेव्हा त्यांचं डायलिसिस नुकतंच आटोपलं होतं. खोलीत फिनेलचा आणि उकडलेल्या भाताचा वास कोंडला होता. भाची नीलाक्षी उशाशी बसली होती.

“डॉक्टर माझ्यावर तापले,” सर म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. “म्हणे, रिपोर्ट येऊन अडीच महिने झाले, झोपला होतात काय? अगो, मी रिपोर्ट ऐकला होता. एकदा नाही, चारदा ऐकला. त्यात असलं काही नव्हतं.”

“मामा, होतं हो,” नीलाक्षी हळूच म्हणाली. “मी काल बघितलं ना.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

हेमांगीने त्यांचा फोन मागून घेतला आणि तो रिपोर्ट उघडला. स्क्रीन रीडर बोलू लागला: “आपल्या मूत्रपिंडांची तपासणी पूर्ण झाली आहे. काही गोष्टींकडे थोडं लक्ष द्यायला हवं. पाणी, आहार आणि विश्रांती सांभाळा. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला.”

“ऐकलंस?” सर म्हणाले.

“आता तू तुझ्या फोनवर उघड,” हेमांगी नीलाक्षीला म्हणाली. “सरांच्याच खात्यातून. आणि दिसतंय ते जसंच्या तसं वाच.”

नीलाक्षीने वाचलं. “तातडीचे. मूत्रपिंडांचे काम धोकादायक पातळीपर्यंत घटले आहे. आठवड्याच्या आत मूत्रपिंडतज्ज्ञांना भेटा. उशीर झाल्यास डायलिसिस लागू शकते.” पुढे आकडे होते. तेही तिने वाचले.

हातातल्या फोनचा तो मऊ, आर्जवी आवाज हेमांगीला अजून ऐकू येत होता. याच आवाजाची तिने तोंडभर शिफारस केली होती. ती उठून बाहेरच्या बेसिनपाशी गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निरंजनच्या ऑफिसात गेली. त्याने कॉफी मागवली. तिने कपाला हात लावला नाही. काय घडलं ते सांगितलं आणि विचारलं, “हे तुम्ही मुद्दाम केलंत?”

“मुद्दाम कोण करेल?” निरंजन म्हणाला. त्याचा तोच खर्जातला, पुस्तकं वाचणारा आवाज. “यंत्र शिकत जातं. लोकांनी पान शेवटपर्यंत ऐकलं का, घाबरून हेल्पलाइनला फोन केला का, त्यांचा गोंधळ उडाला का, हे त्याला मोजायला सांगितलंय. त्रास कमी करायला सांगितलंय. अंध लोकांच्या बाबतीत त्याच्या असं लक्षात आलं की गंभीर ओळ आली की ते थांबतात, मागे जातात. परत ऐकतात. परत मागे जातात. त्याने त्याचा अर्थ त्रास असा लावला. मग ती ओळ सौम्य केली. लोक मागे जायचे थांबले. त्याला वाटलं, जमलं.”

“आणि डोळस लोक? ते वाईट ओळ पुन्हा वाचत नाहीत?”

“वाचतात की. पण नजर मागे फिरली तर यंत्राला कळत नाही. तुमची बोटं फिरतात, ती कळतात.”

एखादी गोष्ट नीट समजावी म्हणून ती परत ऐकायची, यात इतकं काय होतं? कॉलेजात याच माणसाच्या कॅसेटी मागे नेऊन नेऊन हेमांगी शिकली होती. त्या शिकण्याला यंत्राने दुखणं ठरवलं होतं, आणि मग शिकण्याजोगं जे होतं तेच काढून टाकलं होतं. तेही असं सफाईने, की तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला काही खुपू नये. सॉफ्टवेअर बटणांची नावं तपासतं. दोन माणसांना दोन वेगळी पानं मिळाली हे त्याला कसं कळणार? दुसरं पान मागितल्याशिवाय जन्मालाच येत नव्हतं.

“तुला हे कधी कळलं?” तिने विचारलं.

“उन्हाळ्यात. ऑफिसातल्या एका मुलीने दाखवलं.”

“म्हणजे सरांचा रिपोर्ट यायच्या आधी.”

“हेमा, ऐक. सरसकट काढलं तर पूर्ण यंत्रच पुन्हा शिकवावं लागेल, आणि निवड तोंडावर आलीय. तुझ्या खात्यापुरतं मी आजच बंद करतो. केळसकर सरांचंही. तुमच्या अंधांच्या संघटनेतली अजून कुणाची नावं असतील तर दे. तुम्हाला सगळं जसंच्या तसं मिळेल. मग तर झालं?”

त्याने हे इतक्या आपलेपणाने म्हटलं की तिच्या अंगावर काटा आला. एखाद्याने ताटातलं झुरळ चिमटीत धरून बाजूला करावं आणि ‘घ्या आता, जेवा’ म्हणावं, तसं.

“कॉफी घे ना, गार होतेय,” तो म्हणाला.

“नको. आणि आमच्या खात्यांनाही हात लावू नकोस,” ती म्हणाली आणि काठी उघडून उठली. तो दारापर्यंत सोडायला येऊ लागला तेव्हा तिने त्याचा हात झटकून टाकला.

घरी नवरा उन्मेष उत्तरपत्रिका तपासत बसला होता. तो ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवी. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “वाईटच झालं. पण यंत्राचा हेतू काही वाईट नव्हता म्हणायचा. माणसंही करतातच की असं. वाईट बातमी जरा वळसा घालून सांगतात.”

“तू करतोस?”

“काय?”

“मला वाचून दाखवताना. पत्रं, मेसेज, तुझ्या आईने लिहिलेलं. वळसा घालतोस?”

उत्तरपत्रिकांची सळसळ थांबली. उन्मेष मनाने चांगला होता आणि त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो काहीच बोलला नाही.

“किती वेळा?” तिने विचारलं.

“हेमांगी, तुला उगाच लागेल असं काही असलं तरच. एखादा शब्द.”

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. चौदा वर्षांच्या संसारात कुठले शब्द आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, हे तिला कधीच कळणार नव्हतं. इतक्या प्रेमाने गाळलेले शब्द परत मागायचे तरी कुणाकडे? उन्मेषबद्दल तिला राग नव्हता. अंगाला काहीतरी चिकट लागलंय आणि धुऊन जात नाहीये, असं वाटत होतं. सकाळी तिने त्याला एवढंच सांगितलं, “यापुढे वाचायचं तर सगळं वाच. नाहीतर वाचूच नकोस.” त्याने “बरं” म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिला किराणा मालाची पावतीसुद्धा दुकानाच्या पत्त्यासकट वाचून दाखवत होता.

समितीची शेवटची बैठक मंडळाच्या मोठ्या सभागृहात भरली. एसी इतका वाढवलेला की बोटं आखडत होती. निरंजन समोरच्या बाजूला बसला होता. हेमांगीने केळसकर सरांच्या परवानगीने त्यांचा रिपोर्ट दोनदा उघडला, एकदा स्क्रीन रीडरवर आणि एकदा साध्या फोनवर. पहिला यंत्राने वाचला, दुसरा तिने समितीच्या सचिवांना मोठ्याने वाचायला लावला. मग ती म्हणाली, “दोन्ही एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे रिपोर्ट आहेत. तो माणूस आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. मी या प्रणालीची शिफारस केली होती. ती मागे घेते. ‘मांडणी’ कुरूप आहे, पण ती सगळ्यांना एकच पान देते.”

सचिवांनी घसा खाकरला. कुणीतरी “अरेरे” म्हणालं. हेमांगीला वाटलं, समजलं यांना.

शैलजा निमकरांनी विचारलं, “ओगले, या चाचणीत तक्रारींचं प्रमाण काय?”

“अंध वापरणाऱ्यांकडून जवळजवळ नाहीच, मॅडम. हेल्पलाइनचे फोनही त्यांच्यात सगळ्यात कमी.”

“आणि बाकीच्यांकडून?”

“नेहमीसारखेच. रिपोर्ट वाचला की लोक घाबरतात, फोन करतात, दवाखान्यात गर्दी करतात.”

निमकरबाईंचा शांत, सवयीने हुकूम देणारा आवाज आला. “तोडणकर मॅडमचा मुद्दा बरोबर आहे. भेदभाव चालणार नाही. अंधांना एक आणि इतरांना एक, हे कायद्यात बसत नाही. मग ही सौम्य आवृत्ती सगळ्यांनाच देता येईल का?”

हेमांगीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“देता येईल,” निरंजन म्हणाला. “उलट ते सोपं पडेल.”

“मूळ आकडे डॉक्टरांकडे राहतीलच. ज्याला हवेत त्याने अर्ज करावा. लोकांना धीर मिळेल, दवाखान्यांवरचा ताण कमी होईल. भेदभावाचाही प्रश्न मिटला.” कागद सारखे केल्याचा आवाज आला. “मला वाटतं, तोडणकर मॅडमनी आपल्याला फार उपयोगी गोष्ट दाखवून दिली.”

टेबलाभोवती माना हलल्या असाव्यात, कारण बरेच जण एकदम “हो, हो” म्हणाले. सुटकेचा आवाज होता तो. मघाशी ‘अरेरे’ म्हणणाराही त्यात होता. हेमांगीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, बरं झालं आपल्याला हे चेहरे दिसत नाहीत.

“मी दाखला देणार नाही,” ती म्हणाली.

“तो तुमचा अधिकार आहे,” निमकरबाई सौजन्याने म्हणाल्या. “चहा घेऊन जा.”

परीक्षक पैशाला पासरी मिळतात. पुण्याहून एक जण आला, एका दिवसात दाखला देऊन गेला. दिवाळीआधी ‘अनुरूप’ चारही जिल्ह्यांत सुरू झाली. लोकांना ती फार आवडली. रिपोर्ट वाचून कुणी रडेना, कुणी भांडेना. डॉक्टरांकडे लोक उशिरा येऊ लागले, पण हसतमुखाने येऊ लागले. उशिरा आलेल्यांचं काय झालं, ते साइटवर कुठेच नव्हतं. असलंच तर सौम्य शब्दांत.

अर्ज केला की मूळ नोंद मात्र मिळे. ती हातात पडे ती संक्षेपांची, सांकेतिक क्रमांकांची आणि इंग्रजी-मराठी तुकड्यांची नुसती खिचडी. हेमांगीने घराच्या पुढच्या खोलीत दोन संगणक ठेवले आणि एकावर ‘मांडणी’ बसवली. नीलाक्षी औषधांच्या दुकानात काम करायची, तिला संक्षेप कळायचे; त्यांची यादी तिने ‘मांडणी’त भरून ठेवली. माणूस आपली नोंद घेऊन आला की ‘मांडणी’ ती शीर्षकं देऊन, ओळीने लावून देई. डॉक्टरांनी लिहिलं तेच, तेवढंच. आधी संघटनेतले अंध लोक आले. मग त्यांचे शेजारी, मग गुहागर-दापोलीहून माणसं येऊ लागली. हेमांगीचा स्वभाव मात्र त्या दिवसांत कडवट झाला. लोक आभार मानत तेव्हा तिला ते नकोसं वाटे. ही माणसं आपल्याकडे यायला लागावीत, यातच तिला काहीतरी घाण वाटे.

शैलजा निमकर आल्या त्या एका उतरत्या दुपारी. आवाज ओळखायला हेमांगीला क्षणभर लागला, कारण त्यात हुकूम उरला नव्हता.

“आमच्या यांचा रिपोर्ट आहे,” त्या म्हणाल्या. “छातीचा. साइटवर सगळं ठीक लिहिलंय. पण हे रात्रभर खोकतात. मी अर्ज करून नोंद मागवली.”

“साइटवर ठीक लिहिलंय ना? मग?” हेमांगी म्हणाली. तिला थांबता आलं नाही.

निमकरबाईंनी नोंदीचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. हेमांगीने हात पुढे करून तो घेतला. नीलाक्षी कामावर गेली होती. पान तयार झालं तशी हेमांगी म्हणाली, “पडद्यावर आलंय. वाचा.”

“मला वाचवत नाही,” निमकरबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा.”

हेमांगीने कानात इअरफोन घातला. तिचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलायचा की इतरांना त्यातलं अक्षर कळू नये. काही क्षणांत तिला सगळं कळलं. गाठ कुठे आहे, केवढी आहे, कुठवर पसरल्याचा संशय आहे, आणि किती लवकर दाखल करायला हवं होतं.

समोरच्या बाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघींमध्ये एक टेबल होतं आणि बातमी अजून टेबलाच्या अलीकडे होती. हेमांगीच्या मनात आपोआप एक वाक्य तयार झालं, मग त्याहून बरं दुसरं. इतकं काही नाही, वेळेवर आलात, मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा. आणि तिला जाणवलं की ते वाक्य गोड लागतंय. कुणाला किती कळावं हे आपल्या हातात असणं, याची ती गोडी होती. निरंजनला, या बाईंना, अगदी उन्मेषलाही हीच चव लागली असणार. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिने इअरफोन काढला, यंत्राचा वेग साध्या बोलण्याइतका कमी केला आणि आवाज स्पीकरवर घेतला.

“मी सांगत नाही,” ती म्हणाली. “जसं लिहिलंय तसं ऐका. मी इथेच आहे.”

यंत्राने रुग्णाचं नाव वाचलं. तपासणीची तारीख. मग शीर्षक, ‘निष्कर्ष’. मग बाकीचं सगळं. वाचन संपलं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

“कुठे न्यायचं?” त्यांनी विचारलं.

“कोल्हापूर. आजच निघा. तिथल्या डॉक्टरांना मी फोन करून ठेवते.”

“गाडी आहे, पण ड्रायव्हर सुट्टीवर आहे.”

“घरी कोण आहे त्यांच्यापाशी?”

“कुणी नाही.”

हेमांगी उठली आणि आतल्या दारापाशी जाऊन तिने उन्मेषला हाक मारली. तो बाहेर आला. तिने त्याला कोल्हापूरला जायचंय एवढंच सांगितलं नाही, रिपोर्टात काय आहे तेही पूर्ण सांगितलं, निमकरबाईंच्या समोरच. त्याने ऐकून घेतलं, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, “चला, मी गाडी चालवतो.”